तंबाखूमुक्त शाळेची पाटी आणि घरातली डबी

अनेक जिल्हा परिषद शाळांच्या फाटकापाशी आता ‘तंबाखूमुक्त शाळा’ अशी पाटी दिसते. पाटीवर जबाबदार शिक्षकाचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. बाहेर रस्त्यावर पिवळी रेघ, व्हरांड्यात तोंडाच्या कर्करोगाचं पोस्टर. या सगळ्याचे फोटो वर जातात, केंद्रप्रमुख ते तपासतात, तालुक्याची टक्केवारी चढते आणि शंभर टक्के झाले की जिल्ह्याचं कौतुक होतं. सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्थांनी आणि शिक्षण खात्यातल्या मेहनती माणसांनी हे काम वर्षानुवर्षं रेटून नेलं आहे. आवारात तंबाखू मळणारे गुरुजी आणि जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या एके काळी कोणाला खटकतही नसत. आज त्याची लाज वाटते, हा बदल लहान नाही.

पण जिल्ह्याची मोजणी फाटकाशी थांबते. मुलाची पहिली चव मात्र बहुतेकदा फाटकाच्या बाहेर, त्याच्या स्वतःच्या घरात किंवा घरच्या माणसांच्या संगतीत होते. म्हणून आमचं म्हणणं असं, की जिल्ह्यातल्या शाळांनी व्यसनमुक्तीत किती मजल मारली हे ठरवायचं असेल तर मोजपट्टी घराच्या उंबऱ्याच्या आत न्यावी लागेल. पाटी लावून ते काम झालं असं मानता येणार नाही.

हे नुसतं मत नाही. १३ ते १५ वयोगटातल्या विद्यार्थ्यांचं देशव्यापी तंबाखू सर्वेक्षण २०१९ साली झालं. त्यात ८.५ टक्के मुलं त्या काळात कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. त्याहून बोलका आकडा सुरुवातीच्या वयाचा आहे. सिगारेट ओढलेल्यांपैकी ३८ टक्के, बिडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाल्लेल्यांपैकी ५२ टक्के मुलांनी वयाची दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच ती चव घेतली होती. दहाव्या वर्षाआधी म्हणजे तिसरी-चौथीत किंवा त्याही आधी. त्या वयाचं मूल कॉलेजच्या कट्ट्यावर जात नाही, त्याच्या हातात स्वतःचे पैसे नसतात. त्याच्या हाताशी असते ती आजोबांची डबी, काकांची पुडी, आजीची मिश्री. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी ३३.८ टक्के आणि स्त्रियांपैकी १०.९ टक्के तंबाखू वापरणारे निघाले. तीन पुरुषांमागे एक. वर्गातल्या तीस मुलांच्या घरांचा हिशेब मनातल्या मनात करून पाहावा. आडात जे आहे तेच पोहऱ्यात येणार.

आता शाळेला लावले जाणारे निकष पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ते नऊ आहेत. प्रवेशद्वारावर फलक, आवारात फलक, तंबाखू वापराची खूण न सापडणं, जागृतीची पोस्टर, दर सहा महिन्यांनी किमान एक उपक्रम, जबाबदार व्यक्तीची नेमणूक, शाळेच्या आचारसंहितेत तंबाखूबंदीचा नियम, शाळेभोवती १०० यार्डांच्या हद्दीची आखणी आणि तिच्या आत तंबाखूची विक्री नसणं. नऊही निकष चांगले आहेत, पण त्यातला एकही पालकांशी बोलत नाही. पोस्टरची संख्या आणि शपथ घेणाऱ्यांची संख्या वाढवणं सोपं असतं, म्हणून वाढते तीच. २०२० साली २७२ जिल्ह्यांत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या नशामुक्त भारत अभियानातही खाली गावात पोहोचेपर्यंत बरंचसं काम रॅली आणि शपथेचं उरतं.

घरात नेमकं काय चालतं ते जवळून पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. मिश्रीचं उदाहरण घ्या. तवा तापवतात, त्यावर तंबाखूची पानं टाकून काळी पडेपर्यंत भाजतात, निवली की चुरतात, कापडातून चाळतात आणि डबीत भरून मोरीच्या फळीवर ठेवतात. भाजताना जो खाट उठतो तो घरातलं प्रत्येक जण श्वासात घेतं, पाळण्यातलं बाळही. मग सकाळी आजी किंवा आई बोटावर मिश्री घेऊन हिरड्यांना घासते आणि शेजारी उभं असलेलं चार वर्षांचं पोर तसंच बोट तोंडात घालतं. ‘दात घासतंय’ म्हणून घरचे कौतुकाने पाहतात. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जातं, त्यामुळे दात घासण्याच्या सवयीची तलफ होते आणि दिवसातून चार-सहा वेळा बोट डबीकडे वळतं. बाजारातल्या दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत मात्र तो कायदा पोहोचत नाही. तिथे पोहोचू शकते ती आशा ताई, अंगणवाडी सेविका किंवा मुलाच्या बाई. गरोदरपणात मिश्री चालू राहिली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो, हे त्या घरातल्या सासूला कोणीतरी बसून सांगावं लागतं. पोस्टरवरची सिगारेट पाहून तिला ते कळणार नाही, कारण तिने आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते.

दुसरा दरवाजा गोड सुपारीचा. हिच्यात तंबाखू नसते, म्हणून पालक तिला बडीशेपेच्या रांगेत बसवतात आणि लग्नाच्या पंगतीनंतर मुलांच्या हातावरही ठेवतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं आहे. सुपारी सतत चघळली की गालाच्या आतलं अस्तर ताठर होत जातं आणि जबडा उघडेनासा होतो. पहिली खूण म्हणजे तिखट लागताच तोंडाची आग होणं. दुसरी खूण घरीच तपासता येते. मुलाला त्याचीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र करून उभी तोंडात घालायला सांगा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये तीनही बोटं सहज मावली पाहिजेत. दोनच मावत असतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नका, कारण ताठरलेलं अस्तर पूर्ववत होत नाही. सुपारी लगेच बंद झाली तर आजार तिथल्या तिथे रोखता येण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत तपासणीला येतात. या तीन बोटांच्या तपासणीला मुलामागे दहा सेकंद पुरतात, आणि तिची नोंद व्हायला हवी.

सुपारीपासून पुढची पायरी म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात मावा, विदर्भात खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा. घरात तयार खर्रा आला की तो वाटून खाल्ला जातो आणि त्या वाटणीत पोरांच्या हातावरही चिमूट पडते. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, पुढे तिच्यात सुगंधी तंबाखूही आली. उत्पादकांनी त्यावर पानमसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी अशा दोन पुड्या काढल्या. गिऱ्हाईक दोन्ही फोडून एकत्र करतं आणि गुटखा तळहातावर तयार होतो.

पुडी आणायला जातं कोण, हा खरा प्रश्न आहे. ‘जा रे, दुकानातून पुडी घेऊन ये, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे.’ हे वाक्य महाराष्ट्राच्या गावागावांत रोज संध्याकाळी बोललं जातं आणि ते बोलणाऱ्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतही नाही. या एका फेरीत मूल तीन गोष्टी शिकतं. पुडी कुठे मिळते, किती पैशांत मिळते आणि दुकानदार विचारत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, ती तो आजोबांसाठी नेत असला तरी. पण दंड २०० रुपयांपर्यंतच, त्यामुळे दुकानदार तो धंद्याचा खर्च म्हणून भरून टाकतो. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ मात्र मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. हे कलम देणाऱ्या कोणालाही लागू आहे, घरच्या माणसालाही. आजोबांना कोर्टात उभं करावं असं आम्हाला वाटत नाही. पण वारंवार मुलांना माल देणाऱ्या टपरीवाल्याला २०० रुपयांची पावती फाडून सोडायचं की कलम ७७ दाखवायचं, हे पोलीस आणि मुख्याध्यापक मिळून ठरवू शकतात. ते दाखवलं गेलं तर दुकानदारच मुलाला परत पाठवेल आणि आजोबांना स्वतः उठावं लागेल.

१०० यार्डांच्या मोजणीतही एक चूक हमखास होते. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि ते शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चारही दिशांना सरळ रेषेत मोजायचे असतात. प्रत्यक्षात फाटकापासून रस्त्याने चालत मोजतात. मग मागच्या भिंतीला लागून असलेली टपरी कागदावर दीडशे मीटर दूर जाते आणि शाळा निकषात बसते.

शाळेने घरापर्यंत जावं कसं? नेहमीचा मार्ग भाषणाचा. ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाच्या किंवा २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या आगेमागे पोलीस अधिकारी येतात, व्यसनातून सुटलेले गृहस्थ आपली कहाणी सांगतात, पडद्यावर सडलेल्या जबड्याचे फोटो दिसतात, मुलं हात पुढे करून शपथ घेतात. हेतू चांगला असतो. परंतु संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी जगभरचे अभ्यास तपासून प्रतिबंधाची जी मानकं काढली, २०१३ साली आणि सुधारून २०१८ साली, त्यांत एकदाच दिलेली भाषणं, भीती घालणारी चित्रं आणि माजी व्यसनींचे अनुभवकथन यांनी मुलांचं वागणं बदलत नाही असा निष्कर्ष आहे. कारण समजण्यासारखं आहे. बारा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतल्या कर्करोगाची भीती वाटत नाही, आणि समोर उभा असलेला माणूस तर सगळं करून सुखरूप बाहेर आलेला दिसतो. त्याच मानकांत ज्या उपायांना चांगला पुरावा आहे त्यात पालकांना मूल सांभाळण्याची कौशल्यं शिकवणारे कार्यक्रम आहेत.

असा एक कार्यक्रम अमेरिकेत १० ते १४ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांसाठी तयार झाला आणि अनेक देशांत नेला गेला. त्याचा आराखडा आपल्या शाळांना सहज जमेल असा आहे. सात बैठका, आठवड्याला एक, प्रत्येकी दोन तासांची. पहिला तास पालक एका खोलीत आणि मुलं दुसऱ्या खोलीत, दुसरा तास सगळे एकत्र. पालकांना न ओरडता नियम कसा सांगायचा, तो मोडला तर लहानशी पण ठरलेली शिक्षा कशी द्यायची, दिवसाकाठी पंधरा मिनिटं मुलाचं नुसतं ऐकायचं कसं, हे करून दाखवायला लावतात. मुलांना मित्राच्या आग्रहाला नकार देण्याचा सराव. एकत्र तासात कुटुंबाचे दोन-तीन नियम कागदावर उतरतात. आपल्याकडे हे कुठे अडेल तेही उघड आहे. वडील येणार नाहीत, रोजंदारी बुडेल म्हणून. म्हणून बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नये, ऊसतोडीच्या पट्ट्यात ती दिवाळीनंतर ठेवूच नये, कारण निम्मी घरं कारखान्यावर गेलेली असतात. त्या भागात पावसाळ्यातले शनिवार धरावेत. वीस कुटुंबांपेक्षा जास्त बोलावू नयेत. आणि बोलावण्याच्या चिठ्ठीवर ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द लिहू नये. तो वाचला की ज्यांनी यायला हवं तेच येत नाहीत. ‘वयात येणाऱ्या मुलांचे पालक’ एवढं पुरे.

पहिल्या दोन बैठकांत घरातल्या वस्तूंचा विषय काढावा, कारण तो कोणावर आरोप न करता बोलता येतो. तंबाखू, चुना, औषधं आणि पंक्चरचं सोल्यूशन या चार वस्तू कुठे ठेवलेल्या असतात, एवढंच विचारायचं. चुना पहिल्यांदा. चुन्याची प्लॅस्टिकची पुडी मूल दाबून फोडतं आणि चुना थेट डोळ्यात उडतो. हा अपघात आपल्या देशात मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांचं एक ठळक कारण आहे. असं झालं तर त्याच क्षणी स्वच्छ वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा ते तीस मिनिटं धुवायचा, पापणीआड अडकलेले कण निघतील असं पाहायचं आणि मग नेत्ररुग्णालय गाठायचं. दूध, तूप, मध काहीही घालायचं नाही. रिक्षा मिळेपर्यंत थांबून मग तिथे धुवू, असं केलं तर बुबुळ तेवढ्यात भाजतं. रांगत्या मुलाने तंबाखू गिळली तर उलटी करवायला जाऊ नये, तोंडातला चोथा बोटाने काढून थेट दवाखान्यात न्यावं. निकोटीनची थोडी मात्राही लहान मुलाला विषारी ठरते.

औषधांकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ऑपरेशननंतर उरलेल्या ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या टीव्हीजवळच्या डब्यात वर्षभर पडून असतात. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन ही नावं औषध नियमांच्या एच-१ परिशिष्टात आहेत. दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षं जपायची, हा नियम २०१४ पासून आहे. पण दुकानातून घरी आलेल्या पाकिटाची नोंद कोणीच ठेवत नाही. करायचं एवढंच. पाकिटावर उरलेल्या गोळ्यांची संख्या पेनाने लिहायची, आठवड्याला एकदा मोजायची, पाकीट कुलपात ठेवायचं. उपचार संपले की उरलेल्या गोळ्या वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळून बंद पिशवीतून कचऱ्यात टाकाव्यात. घरातल्या कर्करुग्णाच्या निधनानंतर मॉर्फिन उरलं असेल तर ज्या रुग्णालयातून आणलं तिथेच परत द्यावं.

हुंगण्याचे पदार्थ हा खास मुलांचा धोका आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त आहे. १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, पेट्रोल. खुणा म्हणजे नाकातोंडाभोवती पुरळ, कपड्यांना येणारा रसायनाचा वास, खिशातला ओला बोळा. मूल हुंगताना सापडलं तर ओरडू नये आणि त्याच्या मागे धावूही नये. ही वाफ हृदयाला इतकं हळवं करते, की घाबरून पळताना रक्तात उसळलेल्या ॲड्रेनलिनने ते जागीच बंद पडू शकतं. शांतपणे जवळ जावं, वस्तू काढून घ्यावी, खिडक्या उघडाव्यात, अर्धा तास त्याला बसवून ठेवावं. बोलणं दुसऱ्या दिवशी. हे वाक्य प्रत्येक शिक्षकाला आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाला पाठ असलं पाहिजे.

दारूचा विषय शेवटच्या बैठकांसाठी राखून ठेवावा, तोवर माणसं मोकळी झालेली असतात. इथे एक गोष्ट शिक्षकांनाही ठाऊक नसते. श्रावण पाळायचा म्हणून, माळ घातली म्हणून किंवा मुलीने रडून शपथ घातली म्हणून रोज भरपूर पिणारा माणूस एका रात्रीत दारू सोडतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन तो भिंतीवर किडे पाहू लागतो, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. घरचे मग बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करतात किंवा ‘थोडी पाजा, बरं वाटेल’ म्हणून पुन्हा बाटली आणतात. रोज पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची असते. सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. तंबाखू सोडताना असा जिवावरचा धोका नसतो. पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात, आणि एकेक तलफ तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी, बडीशेप, अंगणात चक्कर यांत काढायचा.

मुलाकडून वडिलांना पत्र लिहून घेण्याचा उपक्रम अनेक शाळा करतात. ‘प्रिय बाबा, तुम्ही तंबाखू सोडा.’ फोटो छान येतो, बातमीही छापून येते. आम्हाला तो घातक वाटतो. ज्या घरात बाप दारू पिऊन मारतो त्या घरात ते पत्र मुलाच्या अंगावर वळ उठवतं. आणि बापाने नाही सोडली तर आपलंच काही चुकलं, असं मूल मनात धरून बसतं. मोठ्या माणसाचं व्यसन सोडवण्याचं ओझं मुलाच्या खांद्यावर देऊ नये आणि मुलाला घराचा खबऱ्याही करू नये. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने, जे १९८६ पासून काम करतं आहे, व्यसनी माणसाबरोबर त्याच्या पत्नीसाठीही वेगळा ‘सहचरी’ गट चालवला, कारण त्या घरात आजारी एकटा तो नसतो. शाळेनेही त्याच नजरेने पाहावं. मुलाला द्यायची ती एकच खात्री, की घरात असह्य झालं तर अमुक बाईंकडे किंवा १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर बोलता येईल आणि ते घरी कळवलं जाणार नाही. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र गप्प राहता येणार नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवावं.

जिल्हा हे एकक पेलतं का, असा प्रश्न येईल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी बंदीने सगळं आपोआप झालं नाही. २०१६ साली डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान सुरू झालं तेव्हा संपूर्ण जिल्हा एकच कार्यक्षेत्र धरून गावसंघटना उभ्या केल्या गेल्या. बायकांनी दारूसाठी आंबत ठेवलेला मोहाचा सडवा शोधून नष्ट केला, खर्राविक्रेत्यांशी गावाने बोलणी केली, तालुक्याच्या ठिकाणी उपचाराचे दवाखाने भरू लागले. विक्री रोखणं, उपचार आणि गावाचा ठराव हे तिन्ही एका वेळी चालतात म्हणून कामाला पकड येते. एकटी शाळा हे करू शकत नाही, पण शाळेशिवाय गावाला मुलांच्या घरात शिरकाव नाही.

आइसलँडचं उदाहरण देशाचं असलं तरी लोकसंख्येने तो आपल्या एखाद्या तालुक्याएवढाच आहे. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेले होते, २०१६ साली ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तिथे भर पोस्टरवर नव्हता. पालकांनी शाळेत एकमेकांशी लेखी करार केले, की आपल्या घरी कोणाच्याही मुलाला दारू मिळणार नाही. रात्री मुलं किती वाजेपर्यंत बाहेर राहू शकतात याची वेळ कायद्याने ठरली. खेळ आणि संगीत वर्गांसाठी सरकारने कुटुंबांना पैसे दिले. आणि मुलांचं निनावी सर्वेक्षण होऊन त्याचे निकाल महिन्या-दोन महिन्यांत त्या त्या गावाच्या हातात पडत राहिले. थंडी आणि श्रीमंती आपल्याकडे नाही, पण पालकांच्या करारासाठी दोन्ही लागत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तो करार करायला यापेक्षा योग्य व्यासपीठ कुठलं?

म्हणून मागणी अशी, की नऊ निकषांच्या जोडीला जिल्हा परिषदेने स्वतःचं निनावी सर्वेक्षण सुरू करावं, सहावी ते नववीसाठी, वर्षातून एकदा, चारच प्रश्नांचं. गेल्या महिन्यात घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाने तुला तंबाखू किंवा दारू आणायला पाठवलं का? घराच्या आत तुझ्यासमोर कोणी धूम्रपान किंवा मिश्री केली का? तू सुपारी, मावा, खर्रा किंवा गुटखा खाल्लास का? त्रास झाला तर ज्याच्याशी बोलता येईल असं मोठं माणूस तुला आहे का? कागदावर नाव, हजेरी क्रमांक काही नको. त्या वेळी वर्गशिक्षक खोलीत नको, दुसऱ्या शाळेचे शिक्षक असावेत. कागद मुलांनी स्वतः पेटीत टाकावेत आणि पेटी त्यांच्यासमोर सील व्हावी. लहान शाळांत कोणी काय लिहिलं ते ओळखू येतं, म्हणून वीसपेक्षा कमी मुलं असतील तर निकाल केंद्रपातळीवरच काढावा. पालकांना आधी कळवावं आणि ज्यांना नको असेल त्यांच्या मुलांना सूट असावी.

शिक्षक म्हणतील, निवडणूक, जनगणना, पोषण आहार, आता हेही. त्यांचं खरं आहे. म्हणूनच सात बैठका घेण्याचं काम आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि समितीतल्या दोन प्रशिक्षित पालकांकडे असावं आणि त्याचं मानधन ठरलेलं असावं. शाळेने खोली, शनिवार आणि शब्द द्यावा. घर खासगी असतं, शाळेने तिथे डोकावू नये, हा आक्षेपही मोलाचा आहे. त्यावर उत्तर एवढंच, की वरच्या कुठल्याही पायरीत कोणी कोणाच्या घरात शिरत नाही. पालक शाळेत येतात, आपले नियम आपणच लिहितात आणि कागद घरी नेतात.

एक अडचण मात्र आधीच ओळखून ठेवावी लागेल. पहिल्या वर्षी आकडे वाईट येतील. ‘पुडी आणायला पाठवलं’ या प्रश्नाला वर्गातली निम्मी मुलंही हो म्हणतील अशा शाळा निघतील, आणि शंभर टक्के तंबाखूमुक्त जाहीर झालेल्या तालुक्यांतही निघतील. त्या दिवशी मुख्याध्यापकांना कारणे दाखवा नोटीस गेली, तर पुढच्या वर्षी पेटीत सगळे कागद गोड उत्तरांनी भरलेले सापडतील आणि सर्वेक्षण तिथेच संपेल. तेव्हा पहिल्या दोन वर्षांचे निकाल शाळांची क्रमवारी लावायला किंवा कोणाच्या गोपनीय अहवालात लिहायला वापरले जाणार नाहीत, हे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वेक्षणाच्या पहिल्याच परिपत्रकात, पहिल्याच कलमात लिहून द्यावं.